नकाराला जास्तीचा एक प्रश्न

बंगळुरात भाड्यानं घर बघायला गेलं की काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. व्हेज की नॉनव्हेज, गाव कुठलं, दोघंही नोकरीला जाता का, पाहुणेरावळे फार येतात का. आणि या सगळ्याच्या आडून, जात. राजाजीनगरातल्या त्या घराच्या मालकांनी मात्र फाटकाची कडीसुद्धा काढली नव्हती तोवर विचारलं, "ब्लड ग्रुप काय?"

मी महेशकडं बघितलं, महेशनं एजंटाकडं आणि एजंटानं आभाळाकडं. पंचाहत्तरीचा काटकुळा म्हातारा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. चेष्टा करतोय असं तोंडावरून तरी वाटेना.

"बी पॉझिटिव्ह," महेश म्हणाला. माझा नवरा कॉम्प्युटरवाला, प्रश्न कुणीही विचारला तरी फॉर्म भरल्यासारखं उत्तर देतो.

"हिचा?"

"बी निगेटिव्ह."

म्हातारा माझ्याकडं वळला. "मुलं?"

"नाहीत," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

त्यांनी कडी काढली आणि वरच्या मजल्याची चावी माझ्या हातात दिली. जिन्यात एजंट हळूच हिंदीत म्हणाला की थोडे सटकलेले आहेत, पण माणूस चांगला. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

हे आमचे घरमालक म्हणजे सगळ्या गल्लीचे अण्णा. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कानडी अशी मुरलेली की एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी निपाणीची, मला दोन्ही येतात, तरी पहिले आठ दिवस अण्णा बोलायला लागले की मी हसू दाबत उभी. त्यांचंही तेच. "तुमच्याकडचं मराठी म्हणजे भांडण की हो," म्हणायचे. "बस म्हटलं तरी माणूस पळून जाईल."

अण्णांनी चाळीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत काढली होती. काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, औषधाचा थेंब घालायचा, नळी तिरकी करून उजेडाकडं धरायची आणि बघायचं, गुठळ्या झाल्या का नाहीत. आयुष्यभर हेच. ते हातात इतकं बसलं होतं की कॉफीचा पेलासुद्धा तोंडाला लावायच्या आधी तिरका करून खिडकीकडं धरायचे. आणि प्यायचे उभ्यानं. बसलेले अण्णा मी बघितलेच नाहीत म्हणा ना. फाटकापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून फाटकापर्यंत, पेपर वाचायचा तोही चालत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "यांच्या पायाला भिंगरी आहे. लग्नात सात पावलं झाली तरी थांबेनात, भटजींनी शर्ट धरून उभं केलं."

गल्लीतल्या माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहायची नाहीत, ग्रुप राहायचे. समोरचा किराणावाला 'ओ पॉझिटिव्ह', कोपऱ्यावरच्या शाळेच्या बाई 'एबी'. एक जाडजूड वही होती, तीत कुणाचा ग्रुप कोणता आणि कुणी शेवटचं रक्त कधी दिलं ते लिहिलेलं. "काय रे, तीन महिने उलटले की नाही?" असं भर बाजारात, केळी निवडणाऱ्या माणसाला विचारायचे. अण्णा दिसले की चांगले धडधाकट लोक फुटपाथ बदलायचे.

पण खरं खूळ याहून वेगळं होतं. अण्णांना 'नाही' हे उत्तर पचायचं नाही. राग यायचा नाही हो, विश्वास बसायचा नाही. भाजीवाली म्हणाली कोथिंबीर नाही, तर पुढं विचारायचे, "आज वार कोणता?" ती म्हणायची मंगळवार, आणि मग अण्णांना पटायचं की कोथिंबीर खरंच नाही. दारावर कुणी आलं नव्हतं म्हटलं की, "दूधवाला तरी आला होता का?" मुलगा अमेरिकेहून फोनवर म्हणाला, मला काही त्रास नाही, तर, "तुझ्या आईचं नाव काय?" आणि तो चाळिशीचा इंजिनियर निमूट आईचं नाव सांगायचा.

मी एकदा वैतागले. "अण्णा, हे काय खूळ ओ?"

"खूळ नव्हे अम्मा, कामाची रीत." बायकामाणसांना ते सरसकट अम्मा म्हणायचे. मग हातात नळी असल्यासारखी बोटं धरून त्यांनी मला समजावलं. एक तपासणी असते. रक्ताच्या गुठळ्या झाल्या तर दोष आहे, नाही झाल्या तर दोष नाही. पण गुठळ्या न होण्याची कारणं दोन. एक, दोष खरंच नाही. दोन, तुझं औषध मेलेलं आहे, नाहीतर तू ते घालायलाच विसरलीस. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. म्हणून 'नाही' आलेल्या प्रत्येक नळीत आणखी एक थेंब घालायचा, असा की ज्यानं गुठळी व्हायलाच पाहिजे. झाली, तर तुझं 'नाही' खरं. नाही झाली, तर तपासणी झालेलीच नाही. सगळं ओतून टाक आणि पहिल्यापासून कर.

"'हो' आलं तर पुढं जायचं. 'नाही' आलं तर आणखी एक विचारायचं. सरी?"

"सरी," मीही कानडीतच होकार दिला.

आतून अक्का म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा विचारलं, गाणं येतं का. मी म्हटलं नाही. लगेच म्हणतात, तुमच्या घरी गाय आहे का. माझ्या बापाला वाटलं, यांना आंदणात गाय पाहिजे."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय अण्णा पुरते सांगून व्हायचे नाहीत.

'नाहीत' मी जोरात म्हटलं, कारण दोन गेली होती. पहिलं तिसऱ्या महिन्यात, माहेरी असताना. लहान दवाखाना, पिशवी साफ केली, तरुण आहात, पुन्हा होईल म्हणाले. निगेटिव्ह बाईला त्या वेळी एक इंजेक्शन द्यायचं असतं, ते कुणाला सुचलं नाही आणि आम्हाला तर असलं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. त्या गेलेल्या जिवाचं रक्त बापासारखं पॉझिटिव्ह. त्यातलं थोडं माझ्या अंगात आलं आणि माझ्या रक्तानं त्याच्याविरुद्ध हत्यारं घडवून ठेवली. दुसऱ्या वेळी ती हत्यारं पोटातल्या बाळावर चालली. सातव्या महिन्यात अंगभर पाणी होऊन बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं, पण मला एवढंच कळलं की माझ्या पोराला माझ्याच रक्तानं मारलं. लोक म्हणायचे, यात तुझा काय दोष? दोष नसेल. रक्त तर माझंच होतं ना?

एकदा घडलेली हत्यारं मोडत नाहीत. नंतर ते इंजेक्शन घेऊनही उपयोग नसतो. आशा उरली होती ती एकच. महेशचे वडील निगेटिव्ह होते, त्यामुळं महेशकडून मुलाला दोन्हीपैकी काहीही येऊ शकत होतं. बाळ निगेटिव्ह झालं तर माझ्या रक्ताला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पॉझिटिव्ह झालं तर पुन्हा तेच. आणि अण्णांच्या घरात राहायला येऊन वर्ष झालं असेल, मला तिसऱ्यांदा दिवस गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचा ग्रुप कळायला आता पोटात सुई घालायला नको. आईच्याच रक्तात बाळाचे बारीक बारीक कण फिरत असतात, त्यावरून सांगता येतं. तुमच्या दंडातलं रक्त घ्यायचं, झालं. जयनगरला एक प्रयोगशाळा हे करते. "पण अकरा आठवडे पूर्ण होऊ देत हं. त्याआधी ते कण फार थोडे असतात."

अकरा आठवडे! मला अकरा मिनिटं निघत नव्हती. ऑफिसात लिफ्टची वाट बघवायची नाही, जिन्यानं तरातरा चढायला लागायची, मग आठवायचं की आपल्याला असं चढायचं नाही, आणि मधल्या पायरीवर भिंत धरून उभी राहायची. घरी आले की गच्चीवर फेऱ्या. खाली अंगणात अण्णांच्या फेऱ्या चालू असायच्याच. "वर एक, खाली एक," अक्का म्हणायच्या. "मधल्या मधे मला घेरी येते बाई."

आठव्या आठवड्यात एका सकाळी मी ऑफिसला म्हणून निघाले ती सरळ जयनगरला गेले. फॉर्मवर लिहिलं, अकरा आठवडे दोन दिवस. ते दोन दिवस मुद्दाम घातले, खरं वाटावं म्हणून. सोनोग्राफीचा कागद मागितला तर म्हटलं, घरी राहिला, आणून देते. त्यांनी विश्वास ठेवला. शिकलीसवरलेली बाई, स्वतःच्या पोटातल्या पोराबद्दल कशाला खोटं बोलेल?

मी बोलले. महेशलाही सांगितलं नाही. त्याला वाटलं, डॉक्टरांनीच पाठवलं असेल. आठवडे मोजायचं काम माझं होतं.

रिपोर्ट आला. आरएच-डी जनुक आढळला नाही. बाळ निगेटिव्ह! महेश मारतहळ्ळीच्या ऑफिसातून भर दुपारी रिंगरोडची ती गर्दी तुडवत घरी आला आणि दारातच रडायला लागला. गावाहून सासूबाईंनी फोनवर देवापुढं साखर ठेवल्याचं कळवलं. मी म्हैसूरपाकाचा डबा घेऊन खाली गेले आणि अण्णांच्या हातात रिपोर्ट दिला. माझ्यापेक्षा रक्तातलं त्यांना जास्त कळतं, ते खूश होतील असं वाटलं होतं.

त्यांनी कागद उजेडाकडं तिरका धरला. मग आतून भिंग आणलं. खालच्या बारीक अक्षरांवर भिंग फिरवत म्हणाले, "बाळ नळीत होतं का?"

"म्हणजे?"

"जनुक आढळला नाही लिहिलंय. बाळाचं दुसरं काही आढळलं का? काहीतरी सापडायला पाहिजे की अम्मा, म्हणजे कळेल बाळाचे कण नळीत आले होते. नाहीतर ही नुसती तुझी नळी. तू निगेटिव्ह, तुझ्यात कुठून सापडणार?" आणि त्यांनी ती बारीक ओळ मोठ्यानं वाचली: नमुन्यात बाळाचा अंश पुरेसा असल्याची वेगळी खात्री केलेली नाही, निष्कर्ष फॉर्मवरील आठवडे धरून काढला आहे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अण्णा, तुमचा तो कोथिंबिरीचा खेळ माझ्या पोराशी खेळू नका."

रिपोर्ट त्यांच्याच हातात सोडून, डबा कट्ट्यावर आपटून मी वर आले. राग अण्णांचाच आलाय असं मी स्वतःला बजावत होते. महेश विचारत होता काय झालं, मी म्हटलं, म्हातारचळ लागलाय, दुसरं काय.

चार दिवसांनी ऑफिसात फोन आला. प्रयोगशाळेतून. "मॅडम, तुमचे सासरे इथं येऊन मुलगा आहे की मुलगी विचारतायत. हा गुन्हा आहे. त्यांना घेऊन जा, नाहीतर आम्हाला पोलिसांना कळवावं लागेल."

माझ्या सासऱ्यांना वारून पाच वर्षं झाली होती. मी रिक्षा पकडली.

जाऊन बघते तर अण्णा! 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असं कानडीत आणि इंग्रजीत लिहिलेल्या पाटीखाली उभे, वॉचमननं कोपर धरलेलं, आणि अण्णा कानडीत ओरडतायत, "मुलगा बेडा, मुलगी बेडा! मला कण दाखवा!" बेडा म्हणजे नको. झालं होतं असं की अण्णांनी कुठंतरी वाचलं होतं, परदेशात अशा तपासणीत मुलाची खूण शोधतात. ती खूण आईच्या रक्तात असूच शकत नाही, म्हणून ती सापडली की बाळ नळीत होतं हे पक्कं. तेवढ्यावर हे बाबा रक्तपेढीत सहकाऱ्याला विचारावं तसे काउंटरवरच्या पोरीला विचारून बसले, "मुलाची खूण बघितली का?"

आता आपल्या देशात, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यानं, सुनेच्या वयाच्या बाईचा रिपोर्ट हातात धरून हे विचारलं, तर कोण काय समजणार? बाकावर बसलेल्या पोटुशा बायका त्यांच्याकडं असं बघत होत्या की बघवत नव्हतं. एक जण मोठ्यानं म्हणाली, "थडग्यात पाय गेले तरी नातू पाहिजे." अण्णांना ते ऐकू गेलं. तोंड कसनुसं झालं त्यांचं. चाळीस वर्षं इस्पितळात काढलेला माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धी लाज त्यांची होती, अर्धी त्यांच्यासाठी.

गलका ऐकून आतून एक तरुण डॉक्टर बाई आल्या. आम्हाला दोघांना खोलीत नेलं, अण्णांना पाणी दिलं. "आजोबा, ती खूण आम्ही बघत नाही, आणि दिसली तरी तोंडातून काढू शकत नाही. तुम्ही माझा परवाना घालवाल." मग जरा हसल्या. "पण प्रश्न बरोबर आहे तुमचा. आम्ही आठवड्यांवर भरवसा ठेवतो. अकरा पूर्ण झाले की कण बहुतेक पुरेसे असतात. इथं अकरा आठवडे दोन दिवस आहेत." आणि माझ्याकडं वळून, "सोनोग्राफीचा कागद तुम्ही आणून देणार होता ना?"

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. ते मुद्दामच तिकडं बघतायत हे मला कळलं.

"आठ," मी म्हटलं. "आठ आणि वर दोनतीन दिवस. मी खोटं लिहिलं."

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. "मग हा रिपोर्ट काहीच सांगत नाही हो. बाळ निगेटिव्ह असेल, नसेलही. बारा आठवड्यांनंतर पुन्हा या."

बाहेर आल्यावर मी वाट बघत होते, अण्णा आता बोलतील, आता बोलतील. ते आपले झपाझप बसस्टॉपच्या दिशेनं, मी मागून. फुलवाल्यांच्या, कापडवाल्यांच्या दुकानांपुढून आम्ही असे चाललो होतो की लोक वाट देत होते. स्टॉपवर आल्यावर म्हणाले, "मी फार घाईचा माणूस अम्मा. तुझ्यापेक्षा घाईचा. सावकाश माणसाचं कसंही भागतं. घाईच्या माणसाला रीत लागते, नाहीतर तो मारतो कुणालातरी." एवढंच. बसमध्ये जागा होती तरी उभे राहिले.

बारा आठवड्यांनंतर पुन्हा रक्त दिलं. या वेळी महेश बरोबर होता, सोनोग्राफीचा कागद बरोबर होता. जनुक आढळला. बाळ पॉझिटिव्ह.

यानंतर मी अण्णांशी बोलणं टाकलं. वेडेपणा नाही तर काय! जणू त्यांनीच विचारून विचारून बाळाला पॉझिटिव्ह केलं. जिन्यावर माझी चाहूल लागली की त्यांच्या फेऱ्या थांबायच्या, तुळशीकडं तोंड करून उभे राहायचे, मी गेले की पुन्हा चालू. अक्का बिसीबेळे भाताचा डबा वर पाठवायच्या, मी धुऊन परत द्यायची, आत काही न घालता. रिकामा डबा परत करू नये हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. त्यांनी विचारलं नसतं तर मी तो पहिला कागद उशाशी घेऊन सातव्या महिन्यापर्यंत निर्धास्त राहिले असते, आणि मग एक दिवस पोटात हालचाल थांबली असती, हेही कळत होतं. आता अण्णा नाहीत, अक्का मुलाकडं गेल्या, आम्ही मारतहळ्ळीला आलो. ते दहाअकरा आठवडे मला अजून लागतात.

बोलणं सुरू झालं ते त्यांच्या वहीमुळं. दर आठवड्याला मशीनवर बघायचे, बाळाच्या डोक्यातलं रक्त किती जोरात वाहतंय. रक्त पातळ झालं की जोरात वाहतं. चोविसाव्या आठवड्यात जोरात वाहायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, बाळाला पोटातच रक्त घालावं लागेल, सुईनं, नाळेतून. ओ निगेटिव्ह रक्त, म्हणजे माझी हत्यारं त्याला ओळखणार नाहीत. संध्याकाळी दारात अण्णा. दीड वर्षात पहिल्यांदा जिना चढून आलेले. काखेत वही.

"चार होते ओ निगेटिव्ह," ते म्हणाले. "एक कॅनडाला गेला. एकीला स्वतःलाच दिवस गेलेत. एक फोन उचलत नाही. चौथा वारला, मला कुणी कळवलंच नाही." वही उघडून त्यांनी मला ती चार नावं दाखवली, नावं नव्हेतच, चार पत्ते. "इतकी वर्षं लोकांच्या मागं लागलो अम्मा. तुझ्या वेळेला एक नाही."

मी म्हटलं, "अण्णा, आत या. इस्पितळातच आहे रक्त, त्यांनी बघितलंय." ते आत आले, आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले. मला इतक्या दिवसांनी हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू.

तीन वेळा रक्त घातलं. त्या सुईबद्दल मी लिहिणार नाही. पस्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, जिवंत, ओरडणारी, पिवळी.

दुसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट आला. ब्लड ग्रुप, ओ निगेटिव्ह.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "तू बी, तो बी, मग ही ओ कुठली? पोर बदलली गं बाई!" आणि त्या पाळण्यावरचं नाव तपासायला धावल्या. माझं डोकं दुसरीकडंच. निगेटिव्ह! म्हणजे पहिला रिपोर्ट खरा होता. म्हणजे बाळाला काही होणारच नव्हतं. म्हणजे तीन वेळा पोटात सुया, पाच महिने जीव टांगणीला, सगळं फुकट? तेवढ्यात अण्णा आणि अक्का कॉफीचा थर्मास घेऊन दारात. मी टाके पडलेली बाई, पण असा आवाज काढला की वॉर्डात सगळ्या माना वळल्या. "तुमच्या एका प्रश्नापायी अण्णा! एका प्रश्नापायी माझ्या पोरीला भोसकलं!"

अण्णांनी माझ्या हातातून कागद घेतला, खिडकीकडं धरला. "बरोबर आहे," म्हणाले.

"काय बरोबर?"

"कागद बरोबर आहे. पण हे रक्त तिचं नव्हे." ते खाटेच्या कडेला बसले. बसले! "तिचं होतं ते तुझ्या रक्तानं जवळजवळ संपवलं. आता तिच्या अंगात फिरतंय ते घातलेलं. कुणाकुणाचं, ओ निगेटिव्ह. तेच नळीत दिसणार की. तिचं स्वतःचं अजून यायचंय." मग सासूबाईंकडं वळून, "बदलली नाही हो अम्मा. रक्त तेवढं उसनं आहे. पोर तुमचीच."

मी त्या दुपट्यातल्या गाठोड्याकडं बघत राहिले. कोण कुठली माणसं, कुणी जाता जाता बाटलीभर रक्त देऊन चहा बिस्कीट खाऊन गेलेली, ती माझ्या पोरीला जिवंत ठेवून होती. आणि मी, तिची आई, तिला संपवत होते. मी अण्णांचे पाय धरायला वाकले, टाक्यांनी वाकू दिलं नाही.

घरी आल्यावरही सुटका नव्हती. जन्मतानाच ती माझी हत्यारं अंगात घेऊन आली होती. तिचं नवं रक्त जरा तयार झालं की ती ते खात होती. दीड महिन्याची असताना आणखी एकदा रक्त द्यावं लागलं. ती ओसरतील, डॉक्टर म्हणायच्या, महिने लागतील. रोज सकाळी अण्णा ऊन बघून तिला फाटकाशी न्यायला सांगायचे, तिच्या नाकाचा शेंडा बोटानं दाबायचे, सोडायचे, परत रंग किती येतो बघायचे आणि फेऱ्या मारायला निघून जायचे. मी तिला पाजायला घेतलं की मनात यायचं, माझ्यातलं आणखी काय काय हिच्यात जातंय? दूध पाजतानाही मला माझीच भीती वाटायची. हे मी महेशलासुद्धा कधी बोलले नाही.

सहाव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायला दिलं. दुपारी फोन आला. हिमोग्लोबिन चांगलं आहे, आणि ग्रुप बी पॉझिटिव्ह.

ज्या शब्दाला मी वर्षभर देवाकडं नको नको म्हणत होते, तो शब्द ऐकला आणि पोरीला काखेला मारून तशीच, पायात चप्पल नाही काही नाही, जिना उतरले. अण्णा तुळशीपाशी वळत होते.

"अण्णा, बी पॉझिटिव्ह."

ते थांबले. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "म्हणजे तिचं रक्त आलं," म्हणाले. "आणि टिकलं. टिकलं म्हणजे तुझं जे होतं ना तिच्यात, ते संपलं. आता तिच्यात तुझं काही उरलं नाही अम्मा."

असलं वाक्य कुठल्या आईला सोसेल? मी खालच्या पायरीवर मटकन बसले, पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि म्हटलं, "अण्णा, पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी सांगितलं.